पाण्याखालचा बांध हा बांधच असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठावर राहते. वय ५८. घरधनी गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून उताऱ्यावर माझं नाव आहे. जमीन एकूण साडेचार एकर. वरच्या तीन एकरांत ऊस आणि सोयाबीन. उरलेली दीड एकर पट्टी नदीकाठच्या मळीच्या कडेला, खोलगट. तिच्याविषयी, आणि तिच्यावर साठलेल्या पाण्यात चोरून बदकं मारायला शिरणाऱ्यांविषयी हे पत्र आहे.

ज्यांना आमची नदी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळम्मावाडी धरणातून पाणी सुटलं, वर राधानगरीकडे पाऊस लागून राहिला, की आमच्याकडचे लहान पूल एकेक करून पाण्याखाली जातात. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी ही नावं दर आषाढ-श्रावणात तुमच्याच पेपरात असतात. पुढे कृष्णा फुगलेली असली तर दूधगंगेला वाट मिळत नाही, फुगवट्याचं पाणी मागे सरकतं आणि शेतात शिरतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांत तर आम्ही जनावरं घेऊन घर सोडलं होतं. एरवी नदी आठ-दहा दिवसांत पात्रात परतते, पण माझ्या खालच्या पट्टीतलं पाणी परतत नाही. जमीन काळी, निचरा नाही, त्यात चाळीस वर्षं उसाला पाजलेल्या पाण्यानं क्षारपड झालेली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरं मीठ फुटतं. पावसाळ्यानंतर मार्गशीर्ष-पौषापर्यंत गुडघा-दोन गुडघे पाणी उभं राहतं. कोपऱ्यात लव्हाळा आणि पाणकणीस माजलंय. पीक म्हणाल तर कधी थोडी ज्वारी, बहुतेक सालं काहीच नाही. सोसायटीच्या कर्जाला मात्र ती पट्टीही धरलेली आहे.

या पाण्यावर बदकं येतात. अडई बारमाही असतात, पावसाळ्यात लव्हाळ्यात अंडी घालतात. त्यांची शीळ रात्री घरापर्यंत ऐकू येते. हळदी-कुंकू बदकांची दोन-तीन जोडपी कायमची. चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि कपाळाजवळ कुंकवासारखे लाल ठिपके, नाव ज्यानं ठेवलं त्यानं बघूनच ठेवलं. दिवाळी झाली की परदेशी पाहुणे उतरतात. फावड्यासारख्या चोचीचे थापट्या, लांब शेपटीची तलवार बदकं, एखाद्या साली तांबूस चक्रवाकाची जोडी. वारकरी तर शेकड्यानं. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. आमच्या घरात तीन पिढ्यांची पंढरीची वारी आहे, म्हणून मला त्या पाखराचं विशेष. माझ्याकडे एक वही आहे, सोसायटीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची. थापट्या कोणत्या तिथीला उतरले आणि कधी गेले ते मी नऊ वर्षं लिहीत आलेय. दिवाळीच्या मागेपुढे आठवडाभरात ते येतात, होळीच्या सुमाराला जातात.

गेल्या मार्गशीर्षात पहाटे शिळा ऐकू आल्या नाहीत म्हणून मला जाग आली. बॅटरी घेऊन बांधावर गेले. धुकं होतं. पाण्यात एक काहिल तरंगत होती, गुळाच्या गुऱ्हाळात असते तसली. पुराच्या वेळी आमच्याकडे याच काहिलीतून माणसं बाहेर काढतात. माझ्या सासूबाईंना २००५ साली शेजाऱ्यांनी काहिलीतूनच आणलं होतं. तिच्यात दोन तरणी पोरं, आणखी दोघं कमरेइतक्या पाण्यात. बांबूंना नायलॉनची बारीक जाळी बांधून पाण्यावर आडवी लावलेली. जाळीत सात-आठ पाखरं फडफडत होती. एकाच्या हातात छर्‍याची बंदूक. बांधाच्या पलीकडे एक पांढरी चारचाकी उभी, नंबरप्लेटला फडकं बांधलेलं. माझं तारेचं कुंपण दोन ठिकाणी तोडलं होतं.

मी ओरडले. एकजण हसला आणि म्हणाला, "मावशी, पाण्यावर कुणाचं नाव असतंय व्हय? नदी सरकारची हाय."

मी म्हटलं, "नदी तिकडं, त्या करंजाच्या पलीकडं. तुझ्या पायाखाली माझं रान हाय."

तो म्हणाला, "मग दाखीव तुझा बांध."

आणि मला दाखवता आला नाही. बांध पाण्याखाली होता. हद्दीचे दगडही पाण्याखाली होते. त्यांतले दोन २०१९ च्या पुरात वाहून गेले ते मी परत रोवलेच नव्हते, कारण मोजणीसाठी अर्ज करा, फी भरा, तारखेची वाट बघा, एवढं होईपर्यंत पुढचा पावसाळा येतो. बंदुकीचं पोरगं पाण्यातून माझ्याकडे चालत आलं आणि "घरी जा, थंडी वाजंल" असं म्हणालं. शब्द साधे होते, पण बंदुकीचं तोंड माझ्याकडे होतं. मी घरी गेले. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

सकाळी पाणी शांत होतं. लव्हाळ्यात एक अडई सापडली, पंखात छर्रा घुसलेली. गोठ्यात टोपलीखाली ठेवली, तिसऱ्या दिवशी मेली.

त्याच दिवशी मी तक्रार द्यायला गेले. एका ठिकाणी सांगितलं, पाखरांचं काम वनखात्याचं. वनखात्याच्या माणसानं विचारलं, जागा जंगलाची आहे का, नाही तर आधी महसूलचा पंचनामा आणा. पंचनामा करणारे म्हणाले, पाण्यात पंचनामा कसा करायचा, पाणी उतरू दे. तिन्ही ठिकाणी माणसं वाईट वागली नाहीत, एकानं तर चहाही दिला. पण तक्रार कुणीच लिहून घेतली नाही. चौथ्या ठिकाणी विचारलं, गाडी कागलच्या बाजूला गेली ना, मग ते आमच्या हद्दीत येत नाही. आमचं दुखणं हेच आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांची हद्द मोटारसायकलीवर दहा मिनिटांच्या अंतरावर. शिकार इकडे, विक्री तिकडे, आणि मधल्या पुलावर सगळं विरून जातं.

म्हणून मी एका वकिलांकडे गेले, चिकोडी कोर्टात बसतात. त्यांनी फी घेतली नाही, आणि दोन तास समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत इथे लिहिते, कारण आमच्या काठावरच्या कितीतरी बायका-पुरुषांना हे माहीत नाही, मलाही नव्हतं.

नद्या, ओढे, तळी यांची पात्रं सरकारची, हे खरं आहे. कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४, कलम ६७ मध्ये ते लिहिलंय. पण पूर चढून शेतात आला म्हणून शेत नदीचं पात्र होत नाही. पाणी नदीचं असेल, खालची माती ज्याच्या उताऱ्यावर आहे त्याची. पाणी चार दिवस राहो की चार महिने.

दुसरी गोष्ट. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या इराद्यानं, किंवा जागेच्या धन्याला धमकावायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्यानं शिरणं हा फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत त्याची कलमं ४४१ आणि ४४७ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात तो कलम ३२९ मध्ये आला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधीचा दंड पाचशेच होता. यातला 'इरादा' हा शब्द वकिलांनी मला तीनदा वाचायला लावला. पुराच्या वेळी रस्ता बुडाला म्हणून कुणी माझ्या शेतातून गुरं घेऊन गेलं, तर तो गुन्हेगार नाही. पोरं खेकडे धरायला आली, तरी नाही. भोई लोक पाणी ओसरताना मासे धरायला येतात, येण्याआधी "काकी, येऊ का" म्हणून दारात विचारतात आणि जाताना चार मासे ठेवतात. त्यांना मी कधी अडवलं नाही, अडवणारही नाही. पण जाळी आणि बंदूक घेऊन बदकं मारायला आलेला माणूस गुन्हा करायच्याच इराद्यानं आलेला असतो. कारण बदकांची शिकार हाच मुळात गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट हीच, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो देशभर लागू आहे, कागलमध्येही आणि निपाणीतही. आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत अशी की गोकाक तालुक्यातल्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात शिकारीला बंदी, बाहेर चालतंय. ती चूक आहे. कायदा पाखराच्या पाठीशी असतो, ते कुठल्या पाण्यावर बसलंय यावर तो अवलंबून नाही. शिकार म्हणजे फक्त मारणं असंही नाही. जाळं लावणं, फास मांडणं, पकडणं, अंडी-घरटी मोडणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तेव्हापासून साध्या गुन्ह्याचा दंडही पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला, आणि तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच. मारलेलं पाखरू कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता होतं. म्हणजे ढाब्यावर "आज स्पेशल आहे" असं हळूच सांगणाऱ्यानं ताटात काय वाढलं, याचाही विचार करावा.

यातून एक गोष्ट निघते ती मला आमच्याच शेतकऱ्यांना सांगायची आहे. आमच्या बाजूला एकानं पाणी साठलेल्या शेतात शिकाऱ्यांना सोडण्यासाठी रात्रीचे हजार रुपये घेतले असं मी ऐकते. त्याचं म्हणणं, शेत माझं, पाणी माझ्या शेतातलं, मी कुणालाही येऊ देईन. येऊ दे. पण शिकारीची परवानगी द्यायला तो मालक नाही. अतिक्रमणाचा गुन्हा त्याच्या होकारानं टळेल, शिकारीचा टळत नाही. उलट कलम ५२ प्रमाणे मदत करणाराही गुन्हेगारच. बाबा रे, हजार रुपयांत तू स्वतःला अडकवून घेतोयस. पीक गेलं, नुकसानभरपाई अडकली, पैशाची चणचण आहे, हे मला माहीत आहे. माझ्याही घरी तेच आहे.

थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत आर्कान्सा राज्यात नोकरीला आहे. फोनवर मी हे त्याला सांगितलं तर त्याला आश्चर्य वाटलं. तिकडे बदकांची शिकार कायदेशीर आहे. ठरलेला हंगाम, परवाना, एका शिकाऱ्यानं दिवसाला किती मारायची त्याची मर्यादा, आणि १९३४ पासून शिकाऱ्यांना सरकारी 'बदक तिकीट' विकत घ्यावं लागतं, त्याच्या पैशातून पाणथळ जागा राखतात. तिथले शेतकरी भातकापणी झाली की मुद्दाम शेतात पाणी सोडतात आणि शिकाऱ्यांना भाड्यानं देतात. तरी तिथेही पाण्याखाली गेलेली जमीन कुणाची यावरून भांडणं चालतातच. त्यातला एक नियम मला फार आवडला. झाडाला किंवा खांबाला जांभळ्या रंगाचा उभा पट्टा मारला की त्याचा अर्थ "मालकाला विचारल्याशिवाय आत येऊ नका". अक्षर वाचता येत नसलं तरी रंग कळतो.

आपल्याकडे तसा नियम नाही आणि आपला कायदा वेगळा आहे. पण खांबाची कल्पना मी घेतली. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, मी हद्दीवर आठ सिमेंटचे खांब रोवून घेतले, पुराच्या पाण्याच्या वर दोन हात राहतील एवढे उंच. डोक्याला लाल-पांढरा रंग मारला. दोन खांबांवर पत्र्याची पाटी, कन्नडमध्ये आणि मराठीत: "ही खाजगी शेतजमीन आहे. पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे." कन्नड मजकूर शाळेतल्या मास्तरांनी लिहून दिला. खर्च नऊ हजारांच्या आसपास आला, स्त्रीशक्ती संघातून, म्हणजे बायकांच्या बचत गटातून, उचल घेतली. पाणी चढलं तेव्हा खांब दिसत राहिले. आता कुणी "दाखीव तुझा बांध" म्हणालं तर बोट दाखवता येतं.

पण एका बाईनं आठ खांब रोवून काठ राखला जात नाही. माझी मागणी साधी आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला "हे आमच्यात येत नाही" असं सांगून परत पाठवू नये. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात त्याची) तक्रार कोणत्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठिकाणी पाठवायची. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. सीमाभागातल्या माणसाला या कलमाची जेवढी गरज आहे तेवढी दुसऱ्या कुणाला नसेल. दुसरं, बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या वन आणि पोलीस अधिकाऱ्यांनी दिवाळी ते होळी या काळात पुलांवर एकत्र गस्त घालावी, रात्री दोन ते सहा या वेळात. शिकारी त्याच वेळी फिरतात. तिसरं, पुरात गेलेल्या हद्दीच्या दगडांची मोजणी पूरग्रस्तांना फुकट आणि पाणी उतरल्यावर लगेच मिळावी. ती मागणी बदकांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. दगड नसले की भाऊबंदही कोर्टात जातात.

एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे, कारण गावात लगेच बोटं कुणाकडे वळतात ते मी पाहिलंय. कुठेही फास दिसला की पारध्यांच्या पालावर जायचं, पोरं उचलायची. माझ्या पट्टीत आले ते पारधी नव्हते. त्यांच्या पायात बूट होते, चारचाकी होती, एकाच्या हातात भारीचा मोबाईल होता, त्यानं जाळीतल्या पाखरांचे फोटो काढले. आमच्या गावाबाहेर पालं असलेल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी येऊन मला ती जाळी कुठली असते, कुठे विकत मिळते, हे सांगितलं आणि तुटलेली तार जोडून दिली. त्यानं घेतलं ते फक्त एक वेळचं जेवण.

बदकांनी माझं नुकसानही केलंय, ते लपवत नाही. अडई कधी शेजारच्या भाताच्या तरवात उतरतात, रोपं उपटतात. पण ज्या पट्टीत मला दाणा पिकत नाही तिच्यावर हिवाळाभर कुणीतरी येऊन राहतं, हिमालय ओलांडून येतं, हे मला बरं वाटतं. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं की मी आधी तिकडे बघते. घरात आता मी एकटीच. मुलगा कोल्हापूरला कामाला आहे, रविवारी येतो.

खांब रोवल्यापासून परवा पहिल्यांदा एक मोटारसायकल बांधावर थांबली. दोन पोरं उतरली, पाटी वाचली, आपसात काही बोलली. मी घरातून कंदील वर धरला आणि विचारलं, "कोण हाय रं?" उत्तर आलं नाही, गाडी सुरू झाली आणि गेली. मी ११२ ला फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, तिनं आधी कन्नडमध्ये विचारलं, मग मला जमेना म्हणून मराठीत. गावाचं नाव, वेळ, गाडी कोणत्या दिशेला गेली, हे सगळं लिहून घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी लिहून घेतलं.

हे पत्र जमलं तर दिवाळीच्या आधी छापावं ही विनंती. माझ्या वहीप्रमाणे थापट्या पाडव्यानंतर चार-सहा दिवसांत उतरतील.

माझं नाव आणि पत्ता आपल्याकडे वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.

आपली,
दूधगंगा काठावरची एक शेतकरी, ता. निपाणी, जि. बेळगाव